दांडा बदलता येणारा गोल्फचा ड्रायव्हर : घेण्यासारखा माल आहे काय?

क्रीडासाहित्याच्या दुकानात क्रिकेटची बॅट, फुटबॉल आणि कॅरमबोर्ड यांना जे गिऱ्हाईक आहे ते गोल्फच्या सामानाला नाही, हे उघड आहे. पण गोल्फच्या एकेका नगाची किंमत पाहिली म्हणजे या मालाकडे व्यापारी माणसाला दुर्लक्ष करता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत टेलरमेड कंपनीचा क्यूआय-टेन हा ड्रायव्हर सुमारे ६०० डॉलरला विकला जात होता. त्या वर्षीच्या दराने हे जवळजवळ ५० हजार रुपये झाले. यात आयातीचा खर्च आणि दुकानदाराचा नफा अजून धरलेला नाही. एवढ्या रकमेत शिंपीकाम करणाऱ्याला कारखान्यात चालणारे शिलाई मशीन घेता येते.

असा नग दुकानात ठेवला आणि तो विकला गेला नाही, तर छोट्या दुकानदाराचे भांडवल अडकून पडते. गिऱ्हाइकाला चुकीचा विकला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून या वेळी आम्ही या मालाच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत. आजकालचे बहुतेक नवे ड्रायव्हर 'दांडा बदलता येतो' अशा जाहिरातीने विकले जातात. ही सोय पैसे मोजण्यासारखी आहे काय, आणि असेल तर कोणासाठी?

ड्रायव्हर म्हणजे काय?

गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. एका खेळाडूला सामन्यात जास्तीत जास्त १४ क्लब जवळ बाळगता येतात. त्यांपैकी सर्वांत लांब आणि सर्वांत मोठ्या डोक्याचा तो ड्रायव्हर. दूरचा पहिला फटका सहसा याच क्लबने मारतात. त्याचे तीन भाग असतात. वर हाताची पकड, मधे दांडा म्हणजे शाफ्ट, आणि खाली डोके. डोके आतून पोकळ असते. ते टायटॅनियमचे किंवा टायटॅनियम व कार्बनचे बनवतात, आणि नियमाने त्याचा आकार ४६० घनसेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. डोक्याचा चेहरा किंचित मागे कललेला असतो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरमध्ये तो साधारण ८ ते १२ अंश असतो.

हा खेळ फक्त साहेबलोकांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. तेव्हा त्या समजुतीला आधार आहे. पण दुसऱ्यांच्या पिशव्या उचलणाऱ्या कॅडींमधूनही मोठे खेळाडू निघाले आहेत. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. हे अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. म्हणजे या मालाचे गिऱ्हाईक गाडीतून उतरणारा उद्योगपतीही असतो, आणि पै-पै साठवून चांगला क्लब घेऊ पाहणारा कॅडीचा मुलगाही असतो. दुकानदाराने दोघांनाही सारखीच खरी गोष्ट सांगितली पाहिजे.

पूर्वीची जोडणी

जुन्या काळी डोके पर्सिमन नावाच्या कठीण लाकडाचे असे आणि दांडा हिकरी लाकडाचा. दोन्हींचा सांधा दोऱ्याने घट्ट गुंडाळून पक्का करीत. हे शुद्ध सुतारकाम होते. पुढे पोलादी दांडा आला. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याला १९२४ मध्ये आणि ब्रिटनच्या 'आर अँड ए'ने १९२९ मध्ये मान्यता दिली. धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर टेलरमेडने १९७९ मध्ये बाजारात आणला, आणि कॅलवे कंपनीच्या १९९१ च्या बिग बर्था ड्रायव्हरने मोठ्या डोक्याची चाल पाडली. त्याच सुमारास पोलादाच्या जागी कार्बनच्या धाग्यांचा हलका दांडा रूढ झाला. त्याला ग्रॅफाइट म्हणतात.

या सगळ्या काळात धातूचे डोके आणि दांडा इपॉक्सीने चिकटवले जात. आपल्या कारागिरांना एरल्डाइटच्या दोन नळ्या ठाऊक आहेत, त्याच जातीचा हा डिंक. एकदा सुकला की सांधा पक्का. दांडा बदलायचा झाला तर डोक्याच्या मानेला बेताने उष्णता द्यावी लागे, आणि डिंक मऊ झाला की खास शिकंजात धरून दांडा सरळ ओढून काढावा लागे. ग्रॅफाइटचा दांडा पिळून काढला किंवा जास्त तापवला तर त्याचे धागे सुटतात आणि तो निकामी होतो. डोक्याचा रंग जळण्याची भीती असतेच. नवा दांडा बसवल्यावर डिंक पुरता सुकेपर्यंत क्लब बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे एक दांडा आजमावून पाहायचा तर गिऱ्हाइकाचा दिवस जाई आणि कारागिराची मजुरी लागे.

२००८ नंतर काय बदलले?

गोल्फच्या नियमांत पूर्वी ड्रायव्हरचे फक्त वजन इकडचे तिकडे करण्याची मुभा होती. १ जानेवारी २००८ पासून इतर जुळवाजुळवीलाही परवानगी मिळाली आणि कंपन्यांनी स्क्रूच्या जोडणीचे ड्रायव्हर काढले. कॅलवेने २००८ मध्ये 'आय-मिक्स' नावाने डोके वेगळे आणि दांडा वेगळा विकण्याची पद्धत सुरू केली. २००९ मध्ये टेलरमेडचा आर-नाइन आणि नायकीचा डायमो आला. २०१० च्या अखेरीस टायटलिस्टचा ९१० आला. पिंग कंपनीही २०१२ च्या अँसर मॉडेलपासून याच वाटेने गेली. आज मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक ड्रायव्हरांत ही जोडणी असते. मुद्दाम हलक्या केलेल्या काही मॉडेलांत दांडा अजूनही डिंकाने चिकटवलेला मिळतो.

जोडणीची रचना सोपी आहे. दांड्याच्या खालच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी नळी इपॉक्सीने पक्की बसवतात. हिला स्लीव्ह म्हणतात. ही स्लीव्ह डोक्याच्या मानेत दातांवर बसते आणि डोक्याच्या तळातून एक स्क्रू वर जाऊन तिला धरून ठेवतो. स्क्रू काढण्यासाठी ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा खास पाना क्लबबरोबर मिळतो. ठरलेल्या जोराइतका पिळला की तो 'टक' असा आवाज करतो. तिथे थांबायचे. सगळे काम एका मिनिटाचे.

स्लीव्हचे भोक किंचित तिरपे पाडलेले असते. त्यामुळे स्लीव्ह फिरवून बसवली की डोक्याचा कल बदलतो. कंपनीनुसार लॉफ्ट दीड-दोन अंशांपर्यंत कमी-जास्त करता येतो. म्हणजे या एका सांध्यात दोन सोयी आहेत. दांडा बदलण्याची एक आणि कल बदलण्याची दुसरी. गिऱ्हाइकाला या दोन्ही वेगवेगळ्या करून समजावल्या पाहिजेत.

जाहिरात आणि वस्तुस्थिती

पहिली समजूत अशी की वारा, पाऊस, मैदान पाहून खेळाडू खेळता खेळता दांडा बदलू शकेल. हे चूक आहे. फेरी सुरू झाल्यावर मुद्दाम क्लबची जुळणी बदलली आणि त्या क्लबने फटका मारला, तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. फेरी चालू असताना मैदानावर बरोबर नेलेल्या सुट्या भागांतून नवा क्लब जोडणेही चालत नाही. तेव्हा जी काही अदलाबदल करायची ती घरी, दुकानात किंवा सरावाच्या मैदानावर. पिशवीत जादा दांडा घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

दुसरी समजूत अशी की महाग दांडा लावला म्हणजे चेंडू दूर जातो. दांड्याने बळ वाढत नाही. बळ खेळाडूच्या अंगात असते. दांड्याचे वजन, त्याचा लवचीकपणा आणि तो कुठे वाकतो यांवर एवढेच ठरते की डोके चेंडूपाशी येताना कोणत्या कलात येईल आणि हाताला ते कसे जाणवेल. दांडा अंगाला जुळला तर फटका पुन्हा पुन्हा चेहऱ्याच्या मधोमध बसतो, आणि म्हणून अंतर वाढल्यासारखे दिसते. न जुळलेला चारशे डॉलरचा दांडा जुळलेल्या साध्या दांड्यापुढे हरतो.

यात आणखी एक गोम आहे. दांड्यावर रेग्युलर, स्टिफ, सीनियर असे शब्द छापलेले असतात, पण त्यांचे सर्व कंपन्यांना लागू असे एकच माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका कडक असू शकतो. चपलांच्या धंद्यात आपण हे रोज पाहतो. एका कारखान्याचा ८ नंबर दुसऱ्याच्या ९ नंबराएवढा निघतो. ज्याच्या डोक्याचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल त्याला रेग्युलर आणि ९५ ते १०५ मैल त्याला स्टिफ असा एक ढोबळ आडाखा आहे. पण तो आडाखाच. चप्पल पायात घालून पाहावी तसा दांडा मारून पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट कलाची. लॉफ्ट एक अंशाने वाढवला की बऱ्याच रचनांत चेहरा थोडा आतल्या बाजूला मिटतो आणि लॉफ्ट कमी केला की बाहेरच्या बाजूला उघडतो. म्हणजे चेंडू उंच जावा म्हणून फिरवले आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाऊ लागला, असे होऊ शकते. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या रचनेत स्लीव्ह फिरवली की तिला चिकटलेला दांडा आणि वरची पकडही फिरते. पकडीच्या खालच्या अंगाला उंचवट्याची रेघ असेल तर ती हाताला भलत्याच जागी लागते. असा क्लब वापरणाऱ्याने रेघ नसलेली गोल पकड बसवून घ्यावी. ही बारीक गोष्ट सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा विश्वास कमावतो.

चौथी गोष्ट वजनाची. स्लीव्ह आणि स्क्रू मिळून काही ग्रॅम वजन डोक्याच्या मानेपाशी जाते. चिकटवलेल्या डोक्यात तेच वजन खाली किंवा मागे ठेवता येते. सर्वसाधारण खेळाडूला हा फरक जाणवेलच असे नाही. पण हळू हाताने खेळणाऱ्या वयस्क माणसाला अगदी हलका क्लब हवा असेल तर चिकटवलेल्या दांड्याचा ड्रायव्हर कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही.

मग उपयोग कशाचा?

आमच्या मते या जोडणीचे खरे फायदे तीन आहेत, आणि ते जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेले नसतात.

पहिला फायदा खरेदीच्या वेळचा. दुकानात एकच डोके ठेवून त्यावर चार दांडे अर्ध्या तासात मारून पाहता येतात. गिऱ्हाईक अंदाजाने न घेता पारखून घेते. खरे पाहता दांडा एकदाच निवडायचा असतो. पण ती एकदाची निवड नीट व्हावी यासाठी ही सोय मोलाची आहे.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. दांडा मोडला, माणसाचे वय झाले, पाठीचे दुखणे आले, किंवा वाढत्या वयाच्या मुलाच्या अंगात बळ आले, तर अख्खा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. डोके तेच ठेवून दांडा बदलतो.

तिसरा फायदा पुन्हा विकण्याचा. स्क्रू सोडवला की एका नगाचे दोन नग होतात. जुन्या मालाच्या बाजारात सुटे डोके आणि सुटा दांडा या दोन्हींना वेगवेगळे गिऱ्हाईक मिळते.

अडचण स्लीव्हची

आता ज्या एका गोष्टीवर पैसे बुडतात तिच्याकडे येऊ. वरून सगळ्या स्लीव्ह सारख्या दिसल्या तरी एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या डोक्यात बसत नाही. दात वेगळे, माप वेगळे. विजेच्या प्लगसारखी सर्वांना एक अशी व्यवस्था इथे नाही. कंपन्यांचा फायदा त्यातच आहे. एकदा दांड्यावर एका कंपनीची स्लीव्ह चढली की गिऱ्हाईक त्याच कंपनीच्या डोक्याला बांधले जाते.

त्याच कंपनीत तरी भरवसा आहे काय? ज्यांनी २००८-०९ मध्ये कॅलवेच्या आय-मिक्ससाठी दोन-दोन, तीन-तीन जादा दांडे घेतले, त्यांना पुढच्या पिढीच्या कॅलवे डोक्यांत ते लावता आले नाहीत, कारण कंपनीने जोडणीच बदलली. टेलरमेडच्या आर-नाइनची स्लीव्ह त्या कंपनीच्या आजच्या डोक्यांत बसत नाही. पिंगने २०१९ मध्ये जी-४१० मॉडेलपासून नवी स्लीव्ह आणली आणि आधीचे दांडे मागे पडले. नायकीने तर २०१६ मध्ये गोल्फचे क्लब बनवणेच बंद केले. याच्या उलट उदाहरण टायटलिस्टचे. २०१० च्या ९१० साठी घेतलेला स्लीव्हचा दांडा त्या कंपनीच्या २०२२ च्या टीएसआर ड्रायव्हरातही बसतो. बारा वर्षे एकच जोडणी टिकवणे ही गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे.

यावरून धडा असा. ड्रायव्हर घेताना त्याची स्लीव्ह किती वर्षांपासून चालत आली आहे आणि मागच्या मॉडेलाशी जुळते काय, हे विचारून घ्यावे. चेहऱ्याच्या नव्या रंगापेक्षा आणि नव्या नावापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

गिऱ्हाइकाचा हिशेब

सहाशे डॉलरच्या ड्रायव्हरात कंपनीचा दांडा आलेलाच असतो. नामांकित कंपनीचा सुटा दांडा घ्यायचा तर दोनशे ते चारशे डॉलर आणखी लागतात. म्हणजे दोन जादा दांडे घेणाऱ्याचे नव्या ड्रायव्हराएवढे किंवा त्याहूनही अधिक पैसे नुसत्या दांड्यांवर जाऊ शकतात. आणि वर सांगितल्याप्रमाणे सामन्यात तो एका वेळी एकच वापरणार.

म्हणून आम्ही असे म्हणू. जो आठवड्यातून एखादा दिवस खेळतो त्याने स्क्रूचा ड्रायव्हर जरूर घ्यावा, पण नव्या मॉडेलाच्या मागे न लागता दोन-तीन वर्षांपूर्वीचे मॉडेल घ्यावे, एक दांडा पारखून ठरवावा आणि पाना पेटीत ठेवून द्यावा. जो नुकताच शिकतो आहे त्याने जादा दांड्यावर रुपयाही घालू नये. त्याचा झोका अजून बसलेला नाही. आज जुळलेला दांडा सहा महिन्यांनी जुळणार नाही. तो पैसा शिक्षकाला द्यावा. जो वयात येणारा मुलगा आहे, किंवा कॅडीतून व्यावसायिक होऊ पाहतो, त्याला मात्र ही जोडणी खऱ्या कामाची आहे. त्याचे बळ वाढत जाईल तसा जुना वापरलेला दांडा स्वस्तात घेऊन तो त्याच डोक्यावर पुढे जाऊ शकेल. ज्याच्याकडे चिकटवलेल्या दांड्याचा चांगला चालणारा ड्रायव्हर आहे त्याने केवळ या सोयीसाठी तो विकू नये.

दुकानदार बांधवांसाठी

मुंबईत धोबी तलावच्या बाजारात काय किंवा जिल्ह्याच्या गावी काय, क्रीडासाहित्याचे दुकान चालवणाऱ्याला ही जोडणी वेगळ्याच कारणाने सोयीची आहे. हिशेब पाहा. लॉफ्ट तीन प्रकारचे आणि दांडे तीन प्रकारचे धरले तर चिकटवलेल्या मालात सगळे नमुने दाखवण्यासाठी ९ ड्रायव्हर ठेवावे लागतात. ५० हजारांचा एक म्हटला तर साडेचार लाख रुपये झाले. स्क्रूच्या मालात एकाच कंपनीचे ३ ड्रायव्हर, प्रत्येकाचा लॉफ्ट वेगळा आणि दांडा वेगळा, एवढे ठेवले की आलटून पालटून तेच ९ नमुने तयार होतात. भांडवल लागते दीड लाख. तीन लाख रुपये मोकळे राहिले, ते ज्या मालाला रोजचे गिऱ्हाईक आहे त्यात फिरवता येतात.

पण काही पथ्ये पाळावी लागतात. एकाच कंपनीचा आणि एकाच स्लीव्हचा माल ठेवावा. तीन कंपन्यांचा एकेक नग ठेवला तर अदलाबदल होत नाही आणि सगळा फायदा जातो. डाव्या हाताच्या गिऱ्हाइकासाठी माल साठवू नये, मागणी आली की मागवावा. नमुन्याचे नग आणि विक्रीचे नग वेगळे ठेवावेत. गिऱ्हाइकासमोर पाना नेहमी कंपनीचाच वापरावा. साध्या पान्याने आवळलेला स्क्रू आटे खातो आणि मग ५० हजारांचे डोके भंगारात जाते. सांध्यात वाळू वा माती राहिली तर फटक्याबरोबर खडखड आवाज येतो. तेव्हा जोडण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

आयात करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कस्टमच्या सूचीत पूर्ण क्लब ९५०६.३१ या शीर्षकाखाली येतात आणि गोल्फचे इतर साहित्य ९५०६.३९ खाली. सुटी डोकी व सुटे दांडे मागवताना ते कशाखाली दाखवायचे आणि त्या वेळचा दर काय, हे माल निघण्याआधीच आपल्या कस्टम एजंटकडून लिहून घ्यावे. माल बंदरात आल्यावर वाद घालणे महाग पडते.

कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. दुबईत १९८८ मध्ये एमिरेट्स गोल्फ क्लब सुरू झाल्यापासून तिकडे या खेळाला चांगले दिवस आले आहेत. सुट्टीवर येताना तिकडून वापरलेला क्लब आणून इथे विकण्याचा विचार कोणी करील. त्यात वाईट काही नाही, पण माल ओळखता आला पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या क्लबांच्या नकला बाजारात सर्रास येतात. स्क्रूच्या जोडणीमुळे खऱ्या डोक्यावर नकली दांडा किंवा खऱ्या दांड्यावर नकली डोके बसवून विकणेही सोपे झाले आहे. म्हणून डोके आणि दांडा वेगळे करून दोन्ही पाहावेत. डोक्याच्या मानेवरचा क्रमांक तपासावा. स्क्रू दोन-तीन वेळा काढून घालून आटे शाबूत आहेत काय ते पाहावे. नियमात बसणाऱ्या ड्रायव्हर डोक्यांची यादी 'आर अँड ए' आणि अमेरिकेची संघटना प्रसिद्ध करतात. त्या यादीत नसलेल्या नावाचे डोके स्पर्धेत खेळणाऱ्याला विकू नये. आणि भाव फारच कमी असेल तर तेच संशयाचे कारण समजावे.

कारागीर बांधवांसाठी

डोकी मुख्यतः चीन, तैवान आणि व्हिएतनामच्या कारखान्यांत बनतात. तिथे आपल्या छोट्या कारखानदाराला आज वाव नाही. पण दुरुस्तीच्या बाकावर काम आहे. स्क्रू आला म्हणून कारागिराची गरज संपली, असे काहींना वाटले. तसे झालेले नाही. काम फक्त डोक्यातून स्लीव्हकडे सरकले आहे. एका कंपनीचा दांडा दुसऱ्या कंपनीच्या डोक्याला लावायचा तर जुनी स्लीव्ह तापवून काढावी लागते, दांड्याचे टोक बेताने खरवडून साफ करावे लागते, नवी स्लीव्ह इपॉक्सीने सरळ रेषेत बसवावी लागते, लांबी मोजून वरून कापावी लागते आणि पकड चढवावी लागते. हे सगळे नजरेचे आणि हाताचे काम आहे. अर्धा अंश तिरपे झाले तरी खेळाडूला कळते.

तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लांबी वाढवताना नियमाची मर्यादा ४८ इंच आहे, आणि जानेवारी २०२२ पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत ती ४६ इंचांवर आणली आहे. दांड्याचे खालचे टोक कापताना दहा वेळा विचार करावा. एकदा कापले की दांड्याचा कडकपणा कायमचा बदलतो. आणि लेथवर हात बसलेल्या उस्तादांना स्लीव्ह आपणच कातून काढण्याचा मोह होईल, तो आवरावा. डोके ताशी शंभर मैलांच्या वेगाने फिरत असते. सांधा तुटून ते सुटले तर समोरच्या माणसाचा जीव धोक्यात येतो. डोक्याच्या कंपनीने किंवा खात्रीच्या बनवणाऱ्याने काढलेली स्लीव्हच वापरावी आणि आपली मजुरी बसवण्याच्या कसबाची घ्यावी.

तात्पर्य

बदलत्या दांड्याचा ड्रायव्हर घेण्यासारखा आहे, पण दांडे बदलत बसण्यासाठी नव्हे. एकदा नीट पारखून घेण्यासाठी, मोडल्यास दुरुस्त करण्यासाठी आणि नको झाल्यास दोन भागांत विकण्यासाठी तो घ्यावा. जादा दांडे साठवणे ही चैन आहे, आणि स्लीव्ह बदलली की ती चैन कपाटात धूळ खाते. गिऱ्हाइकाला दुसरा दांडा विकून दुकानदाराला एका दिवसाचा नफा होईल. 'तुम्हाला हा एकच पुरे' असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे तेच गिऱ्हाईक बूट, पिशवी, चेंडू आणि मुलाचा पहिला क्लब घ्यायला येईल. धंद्याची बरकत अशा गिऱ्हाइकांवरच चालते.